सहा खाचांचा आरसा

मित्रांनो, एका पत्राचे उत्तर अकरा वर्षे राहून गेले. पत्र मला आले नव्हते. आरशाला कोण पत्र लिहिणार? ते माझ्या पाठीला बांधून आले होते. वाचले काकांनी, आणि उत्तरही काकांनीच द्यायचे होते. तरी त्या उशिरात आपलाही थोडा हात आहे असे मला वाटत आले. ज्याला हात नाहीत त्याने असे म्हणू नये, पण वाटले ते सांगतो.

मी एक जुना उभा आरसा आहे. माणसाच्या उंचीहून वीतभर जास्त उंच, लाकडी चौकटीचा, खाली दोन पाय आणि पाठीला एक टेकू. खालच्या कोपऱ्यात माझा पारा उडाला आहे. तिथे ढगासारखा डाग दिसतो म्हणतात. 'म्हणतात' एवढ्यासाठी, की हे सगळे वर्णन मी ऐकीव माहितीवर करतो आहे. येईल त्याला त्याचे तोंड दाखवण्यात माझा जन्म गेला, माझे तोंड मात्र मला नीट दिसलेले नाही. ज्याने स्वतःला नीट पाहिले नाही त्याने स्वतःची गोष्ट सांगायला बसावे का, ही शंका मला आताही आहे. पण सुरुवात केलीच आहे, तर पुढे जातो.

माझी काच कुठल्या कारखान्यात ओतली गेली ते मला आठवत नाही. पहिली आठवण आहे ती पाठीवर पाऱ्याचा थर चढला त्या क्षणाची. तोपर्यंत सगळे माझ्यातून आरपार जात होते. अचानक ते थांबले, आणि समोर शिंकणारा एक कामगार मला दिसला. जगाचे पहिले दर्शन असे झाले. मग एका सुताराने मला चौकट घातली आणि मी तयार कपड्यांच्या दुकानात, कपडे घालून पाहायच्या खोलीत जाऊन उभा राहिलो.

तिथे मी चोवीस वर्षे होतो. दुकानाचे मालक माझी वरची बाजू थोडी मागे कलती ठेवत. त्याने माणूस उंच आणि अंगाने कमी दिसतो. "आरसा कधी खोटं बोलत नाही, बघा!" असे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आणि जाता जाता मला आणखी बोटभर मागे झुकवत. मला लाज वाटे. पण नव्या कपड्यात स्वतःकडे पाहून एखादी दमलेली बाई हळूच हसे, तेव्हा वाटे, एवढ्याशा लबाडीने कोणाचे काय बिघडते? लोक माझी तारीफ करत. आता कळते, ते स्वतःची करत होते.

मग दुकान चालेनासे झाले. मालकांनी सामान वाटून टाकले, आणि मी एका टेम्पोत उभा राहून नव्या जागी आलो.

ते दुकान वेगळेच होते. लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू तिथे विकायला ठेवत, आणि आलेल्या पैशातून एका रुग्णालयात औषधे जात. झाकण नसलेली किटली, किटली नसलेले झाकण, एकेकट्या पडलेल्या बश्या, हात मोडलेल्या खुर्च्या, कोणाचे तरी नाव कोरलेला पेला. दुकान सांभाळत एक बाई. पगार घेत नसत. चष्मा डोक्यावर सरकवून तोच चष्मा सगळ्या ड्रॉवरांत शोधत, आणि "अगंबाई!" म्हणून स्वतःच हसत.

त्या दुकानाची एक रीत होती. वस्तू देणाऱ्याने चार ओळी लिहायच्या: ही वस्तू कुठली, हिने काय पाहिले, हिला काय चालते, काय चालत नाही. तो कागद कापडाच्या छोट्या पिशवीत घालून वस्तूला नाडीने बांधत. नेणाऱ्याने वाटले तर उत्तर लिहायचे. काही जण ते दुकानातच आणून देत. बाई वाचून ते भिंतीवर टाचणीने लावत, आणि ओळखीतून देणाऱ्याला निरोप पोचवत. माझ्या मालकांनीही माझ्यासाठी लिहिले होते. मोठ्याने वाचत वाचत लिहीत होते, म्हणून मला पाठ आहे: 'तयार कपड्यांच्या दुकानातला. मागे कलता ठेवावा, आशीर्वाद मिळतील.'

मी आलो त्याच दिवशी दुसरा एक उभा आरसा आला. माझ्याच मापाचा, तसलाच टेकू, तसलाच तपकिरी रंग. बाईंनी आम्हाला समोरासमोर उभे केले. मित्रांनो, दोन आरसे समोरासमोर ठेवले तर काय होते, हे तुम्ही पाहिले असेल. माझ्यात तो, त्याच्यात मी, त्या माझ्यात पुन्हा तो. अशा चौकटीमागे चौकटी, हिरवट होत होत पार आत गेलेल्या. दुपारी गिऱ्हाईक नसे, पंखा सावकाश फिरत असे, आणि आम्ही दोघे त्या लांबच लांब ओसरीत बसल्यासारखे गप्प असायचो. त्या ओळीत एकाआड एक चौकटीच्या कडेवर काही खाचा दिसत. एकावर एक, सहा. मी मोजल्या होत्या. त्यातली मी कोणती चौकट आणि तो कोणती, हे मात्र मी तेव्हा नीट लावून घेतले नाही. फुरसत होती, आणि फुरसतीत माणूस काय, आरसा काय, महत्त्वाचे तेच लांबणीवर टाकतो.

सोमवारी दुकानात धुण्यापुसण्याचा दिवस असे. कागद भिजू नयेत म्हणून बाई सगळ्या पिशव्या सोडून दोरीवर अडकवत, आणि पुसून झाले की परत ज्याच्या त्याला बांधत. मलाही पुसले, पिशवी बांधली. चष्मा तेव्हाही त्यांच्या डोक्यावरच होता.

दर शनिवारी तिथे हिंडायला येणाऱ्यांत काका आणि ताई होत्या. ही भावंडे. ताई थोरल्या; नवरा गेल्यावर धाकट्या भावाकडे राहायला आलेल्या. काकांनी लग्न केले नव्हते. विचारायला हवे होते, तिथेच अडले असावे. छापखान्यात त्यांचा जन्म गेला. आधी शिशाचे खिळे जुळवले, मग नजर पाहून त्यांना मुद्रिते तपासायला बसवले. दुसऱ्यांच्या चुका काढून काढून आपणही एक चूकच आहोत अशी त्यांची समजूत झाली होती.

दुकानात हिंडण्याची दोघांची तऱ्हा निराळी. ताई खुर्ची उलटी करून तिचे पाय हलवून पाहत, ड्रॉवर तीन वेळा ओढत, बशीवर टिचकी मारून तिचा आवाज ऐकत. काका वस्तूंना हात लावत नसत. ते पिशव्यांतले कागद वाचत, घडी पुन्हा होती तशीच घालत, आणि एखादा कागद वाचून डोळे पुसत पुढे जात.

"पंडित, तू वस्तू घ्यायला येतोस की वाचनालयात?" ताई त्यांना पंडितच म्हणत.

"पुस्तकं ठेवायला एखादी फळी मिळाली तर बघत होतो."

"फळ्या झाल्या बारा. घरात आरसा आहे का एक? मागून माझा झगा वर गेलाय की खाली आलाय, ते शेजारीण सांगते तेव्हा मला कळतं!"

एवढे म्हणून त्यांनी काकांना माझ्यासमोर ढकलले. काकांनी मान वर केली, समोरून एक संकोचलेला म्हातारा येताना पाहिला, आणि अदबीने बाजूला सरून त्याला वाट दिली. ताई हसून हसून खुर्चीत बसल्या. मला मात्र त्याच क्षणी वाटले, ह्यांच्याकडे जायला मिळाले तर बरे.

"ह्याला डाग आहे," ताई बाईंना म्हणाल्या.

"डाग आहे म्हणून तर इथं आहे. नाहीतर राजवाड्यात नसता का?" बाई म्हणाल्या.

मी काकांच्या घरी आलो. त्यांनी मला बाहेरच्या खोलीत, खिडकीसमोर उभे केले. माझ्यात त्यांचे लिहायचे टेबल दिसे, त्यामागे पुस्तकांच्या बारा फळ्या, आणि खिडकीतून रस्ता. काकांचा स्वभाव फार जपणुकीचा. माझ्या चौकटीवरचा रंग पोपडे धरून सुटत होता. तो घासून काढायचे ठरले तेव्हा त्यांनी माझी पिशवी आधी सोडली. कागदाला धूळ लागू नये म्हणून ती शब्दकोशात ठेवली. दुकानात ताईंच्या घाईत तो वाचायचा राहून गेला होता. दुसरा कोणी असता तर कागद आधी वाचून मोकळा झाला असता. काकांनी आधी जपला, मग वाचला. एक अख्खी दुपार त्यांनी पॉलिश पेपरने मला वरपासून खालपर्यंत घासले, तेल लावले, आणि चार दिवसांनी एक शब्द पाहायला शब्दकोश उघडला.

त्यांनी पत्र उभ्यानेच वाचले. मग बसून वाचले. मग ताईंना वाचून दाखवले, तेव्हा मी ऐकले.

'ज्यांच्या घरी हा आरसा जाईल त्यांना नमस्कार. ह्याच्या डाव्या कडेवर सहा खाचा आहेत. ती माझ्या मुलाची उंची आहे. दर वाढदिवसाला त्याला इथे ताठ उभा करायचे आणि त्याच्या वडिलांनी सुरीने खाच पाडायची, असे आमचे चाले. सातव्या वाढदिवसाच्या आधीच तो तापाने गेला. आरसा घरात असला की मी दिवसभर त्याच्यासमोर बसते, म्हणून देते आहे. खाचा तेवढ्या बुजवू नका. आणि जमले तर एकदा कळवा, आरसा कुठे उभा आहे आणि आता त्यात काय दिसते. पत्ता खाली लिहिला आहे. वाट पाहीन.'

खोलीत तेलाचा वास अजून होता. काका माझ्या डाव्या कडेपाशी आले. गुळगुळीत कडेवरून त्यांनी बोटे फिरवली. मग त्यांना वाटले, डावी म्हणजे पाहणाऱ्याची की आरशाची? म्हणून उजवीवरूनही फिरवली. तीही गुळगुळीत.

"रंगाखाली हाताला काहीतरी खडबडीत लागलं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं पोपडे. ताई, मी त्या पोराला घासून टाकलं."

मित्रांनो, मला ओरडावेसे वाटले. मी कधी कोणाच्या घरात नव्हतोच! चोवीस वर्षे दुकानात काढली, माझ्या अंगाला सुरी लागली नाही! पण आरशाला आवाज नसतो. काकांचे उतरलेले तोंड मी त्यांचे त्यांना परत दाखवले, एवढेच माझ्या हातून झाले.

तेव्हापासून उत्तर लिहिणे सुरू झाले.

माझ्यात सगळे उलटे दिसते, पण खिळे जुळवणाऱ्यांनाही उलटेच वाचावे लागते. त्यामुळे काका लिहिताना मध्येच मान वर करून माझ्यातल्या कागदावरची ओळ सहज वाचत, आणि तेव्हाच त्यांना तिच्यातला दोष दिसे. 'आपले पत्र मिळाले' हे फार कोरडे. 'आपले हृदयद्रावक पत्र' हे वर्तमानपत्री. 'कळवण्यास अत्यंत दुःख होते की' इथवर आले की पेन थांबे. एखाद्या आईला तिच्या मुलाची शेवटची खूण आपण पुसली, हे कोणत्या शब्दात सांगायचे? काकांच्या बारा फळ्यांवर तसे एकही वाक्य नव्हते.

"अरे, दोन ओळी लिही. चूक झाली, माफ करा. संपलं," ताई म्हणत.

"दोन ओळींत तिचं सगळं गेलेलं सांगू?"

"मग चार लिही. पण टाक बाबा एकदाचं. ती बिचारी वाट बघत असेल."

"वाट बघते आहे तोवर तिला वाटत तरी असेल, खाचा आहेत कुठंतरी. मी लिहिलं की त्या संपल्या."

वर्ष गेले, दोन गेली. उशीर झाला ह्याची लाज आधीच्या लाजेवर चढली, आणि मग उशिराचीच क्षमा आधी मागायला हवी असे झाले. ते शनिवारी दुकानात जात, पण उत्तरे टाचलेल्या भिंतीकडे पाठ करून उभे राहत. कोणी कोणाला काय लिहिले, हे वाचण्याचा त्यांचा आवडता नाद सुटला.

आणि मला एक वेगळेच वेड लागले. संध्याकाळी दिवा लावण्याआधी खोली निळसर होते. काका पत्र घेऊन समोर बसलेले असत. अशा वेळी माझ्या डाव्या कडेपाशी मला एक मुलगा दिसू लागला. कधी एक वर्षाचा, धरून उभा राहिलेला. कधी सहाचा, टाचा उचलून फसवणारा. मी त्याला थोडा मागे कलता धरून उंच दाखवायचो. तो खुश व्हायचा. मला शंका यायला लागली, की मीच काही विसरलो असेन. इतकी माणसे माझ्यासमोरून गेली, त्यात एखाद्या घरातली सहा वर्षे निसटली नसतील कशावरून? ती एकाआड एक चौकट, खाचांची. ती माझीच असेल. काकांसारखा वाचणारा माणूस म्हणतो आहे, म्हणजे असेल. अकरा वर्षांत मी तो मुलगा माझा करून टाकला. त्याच्या उंचीला मी जपत होतो.

गेल्या महिन्यात माझ्या पाठीची फळी सुटली आणि टेकू डगमगू लागला. परवा काचकामाचे मिस्त्री आले. त्यांनी मला आडवे केले, खिळे ठोकले, मग चौकटीवरून सहज तळहात फिरवला.

"घासलाय छान. कोणी घासला?"

"मीच," काका म्हणाले. एरवी ते थांबले असते. पण मिस्त्री अनोळखी होते, आणि अनोळखी माणसाला सांगणे सोपे जाते. "ह्यावर सहा खाचा होत्या. सुरीनं पाडलेल्या. मी घालवल्या."

"कशानं?"

"पॉलिश पेपरनं."

"किती दिवस घासत होता?"

"एक दुपार."

मिस्त्री हसायला लागले. "काका, एका दुपारी पॉलिश पेपरनं रंग निघतो. फार तर बोटात जाणारं कुसळ निघतं. सुरीची खाच काढायला रंधा मारावा लागतो, आणि रंधा मारला तर कड बारीक होते. थांबा." त्यांनी जाडी मोजायचे हत्यार काढले. एक कड वर, मध्ये, खाली मोजली. मग दुसरी. "सूतभर फरक नाही. ना डावीकडे ना उजवीकडे. इथं खाचा कधी नव्हत्याच."

"पण पत्र..."

"पत्र दुसऱ्या आरशाचं असेल."

काका खुर्चीवर बसले.

"जन्मभर मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय एक ओळ पुढं सोडली नाही मी," ते म्हणाले.

"आणि इथं स्वतःला शिक्षा ठोठावून मोकळा झालास," ताई म्हणाल्या. "पुरावा नको, साक्षीदार नको. इतकी घाई कसली रे दोषी व्हायची?"

मिस्त्री गेल्यावर घटकाभर काका हलके झाले होते. चक्क शीळ घातली त्यांनी. मग ती मध्येच थांबली. माझ्यासमोर येऊन ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, मी त्याच आठवड्यात लिहिलं असतं, की मी रंग काढला, खाचा गेल्या, तर तिनं उलट लिहिलं असतं, नुसत्या घासण्यानं त्या जायच्या नाहीत, नीट बघा. आठ दिवसांत चूक सापडली असती. मी खाचा घालवल्या नाहीत. मी तिची अकरा वर्षं घालवली."

ताईंनी थट्टा केली नाही. "चल, चपला घाल," एवढेच म्हणाल्या.

माझे काय झाले, हे कोणी विचारले नाही, आणि ते बरोबरच आहे. त्या संध्याकाळी खोली निळी झाली तेव्हा मी डाव्या कडेपाशी पाहिले. तिथे पुस्तकांच्या फळ्या होत्या. मुलगा माझा नव्हता. अकरा वर्षे मी दुसऱ्याचा मुलगा सांभाळला होता, आणि तो गेल्यावर कळले की माझ्यात किती जागा रिकामी आहे.

पुढचे मी पाहिलेले नाही. पण ताईंनी घरी आल्या आल्या माझ्यासमोर उभे राहून सगळी नक्कल केली, म्हणून सांगू शकतो. दुकानात बाई आधी डोक्याला हात लावून बसल्या. हात चष्म्याला लागला, तेव्हा त्यांना रडूच आले. "त्या सोमवारी बिनचष्म्यानं पिशव्या बांधल्या मी," म्हणाल्या. मग तिघांनी मिळून उत्तरांची भिंत वाचून काढली. माझ्या मालकांच्या नावाने एक कार्ड तिथे अकरा वर्षे लटकत होते. मालक गाव सोडून गेल्यामुळे ते कोणी पोचवले नव्हते: 'आरसा मागे कलता ठेवला आहे. गिऱ्हाइके खुश. फक्त कडेवर उंची मोजायच्या खुणा आहेत त्या माझ्या टेपशी जुळत नाहीत. आपण कोणते माप वापरत होता?' खाली शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची सही आणि पत्ता. काकांनी दर शनिवारी ज्या भिंतीकडे पाठ केली, तिच्यावर हे लिहिले होते.

"आणि त्या शिवणवाल्या बाई!" ताई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "म्हणाल्या कशा, मला वाटलं तो दुकानदार लबाड! मापात मारत असेल! एक खूण इथं, दुसरी चार बोटांवर, तिसरी तीन बोटांवर. म्हटलं, हा कसला टेप! मग पंडितानं पत्र वाचून दाखवलं. कात्री खाली ठेवली हो तिनं. उठून ओढणीच्या टोकानं त्या खाचा पुसल्या, एकेक. मग म्हणाली, त्यांना कळवा, केव्हाही या. फक्त दुपारी दोन ते चार नको, तेव्हा मी झोपते."

काकांनी पिशवीतून एक लांब कागद काढला. आरशाच्या कडेवर कागद दाबून धरून त्यांनी वरून पेन्सिल आडवी घासली होती. कागद करडा झाला होता आणि त्यावर सहा पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. सर्वांत खालची रेघ इतकी खाली होती, की मला प्रथम ती चुकून पडली असावी असे वाटले.

त्यांनी तो कागद टेबलावर पसरला, आणि लिहायला बसले. ह्या वेळी मान वर करून माझ्यात पाहिले नाही. एका बैठकीत लिहिले, जागोजाग खोडले, आणि खोडलेले तसेच राहू दिले. वाचून दाखवले तेव्हा मी ऐकले:

'बाई, आपले पत्र चुकून माझ्याकडे आले आणि मी अकरा वर्षे उत्तर दिले नाही. कारण मला वाटले, खाचा माझ्या हातून गेल्या. त्या गेलेल्या नाहीत. सोबत पाठवल्या आहेत. आपण विचारले होते, आरसा कुठे उभा आहे. तो शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या खोलीत, उजेडाच्या बाजूला आहे. त्यात काय दिसते तेही विचारले होते. आज एक सहा-सात वर्षांची मुलगी नवा झगा घालून त्याच्यासमोर स्वतःभोवती गिरक्या घेत होती. दोरा तोडायला थांब म्हटले तरी थांबत नव्हती. तिचे डोके पाचव्या खाचेच्या थोडे वर येते. हे आपल्याला कळवायला मला फार उशीर झाला.'

"नाव लिही खाली," ताई डोळे टिपत म्हणाल्या. "नाहीतर तेही विसरशील."

"पत्ता बदलला असेल तर? अकरा वर्षं झाली."

"तर परत येईल. मग शोधू. पण आधी जाऊ तर दे बिचाऱ्याला."

मित्रांनो, मी काही शहाणपण सांगावे इतका शहाणा नाही. आरशाला समोरच्यापलीकडचे काय ठाऊक? तरी एक मागतो. घरातली जुनी वस्तू पुसा, तिची पिशवी सोडून वाचा, डुगडुगणारा पाय वेळीच ठोका. ते सगळे करा. आणि कोणी तुम्हाला विचारले असेल की तिथे आता काय दिसते, तर जे दिसते ते लिहा. सुंदर नसले तरी चालेल. तिकडे कोणीतरी बसलेले असते.

काल सकाळी काका पाकीट घेऊन खाली उतरले. फळी ठोकून झाल्यावर मिस्त्रींनी मला थोडे वळते ठेवले होते, त्यामुळे खिडकीतून रस्त्याचे वळण आणि तिथली टपालपेटी माझ्यात दिसत होती. काका पेटीपाशी पोचले. पत्ता पुन्हा एकदा वाचला. पाकीट फटीत घातले, अर्धे आत, अर्धे बाहेर, आणि बोटे तशीच धरून उभे राहिले. मागे एक बाई आपले पत्र घेऊन येऊन थांबली. काका वाट द्यायला बाजूला सरू लागले, पाकिटासकट.

ताई खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकल्या आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"पंडित! सोड!"

काकांनी सोडले.